विश्लेषण : त्वचा अकाली वृद्ध कशामुळे होते? सनस्क्रीनवरील आकड्याची खात्री कोण देणार?

एप्रिल २०२५ मध्ये देशातील दोन मोठ्या सौंदर्यप्रसाधन कंपन्या एका आकड्यावरून न्यायालयात पोहोचल्या. ऑनलाइन बाजारात सर्वाधिक खपाचे म्हणवले जाणारे आणि ‘एसपीएफ ५०’ असे छापलेले सनस्क्रीन प्रत्यक्ष चाचणीत २० चेच निघते, असा दावा हिंदुस्थान युनिलिव्हरच्या ‘लॅक्मे’ने जाहिरातीत केला. जाहिरातीत नाव कोणाचेच नव्हते, पण दाखवलेली पिवळी ट्यूब आपल्याच उत्पादनासारखी असल्याचे सांगत ‘द डर्मा को’ या ब्रँडची मालक असलेली होनासा कन्झ्युमर ही कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. युनिलिव्हरनेही होनासाच्या प्रतिजाहिरातीविरोधात मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दिल्लीत युनिलिव्हरने जाहिरातीत बदल करण्याची तयारी दाखवली आणि कंपन्यांचे भांडण तेवढ्यावर निवळले. ट्यूबवरील ५० हा आकडा खरा की खोटा, हे ग्राहकाने कसे ठरवायचे हा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्वचेचे अकाली वार्धक्य रोखण्यासाठी ज्या मोजक्या उपायांना भक्कम पुरावा आहे, त्यांत सनस्क्रीन वरच्या क्रमांकावर असल्याने हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही.

अकाली वार्धक्य म्हणजे नेमके काय?

त्वचा दोन प्रकारे म्हातारी होते. पहिला प्रकार वयाचा. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजेन हे प्रथिन तारुण्यानंतर दरवर्षी साधारण एक टक्का कमी होत जाते. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत स्त्रियांच्या त्वचेतील सुमारे ३० टक्के कोलॅजेन घटते. यात कोणाचा दोष नसतो आणि हे पूर्णपणे थांबवताही येत नाही. दुसरा प्रकार बाहेरून येणारा. ऊन, धूम्रपान आणि प्रदूषण यांमुळे त्वचा वयाच्या पुढे धावू लागते. ‘अकाली’ म्हणतात ते याला.

हा फरक पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पन्नाशीतल्या कोणाचाही दंड आतल्या बाजूने पाहावा आणि मग मनगटाच्या वरचा, उन्हाला तोंड देणारा भाग पाहावा. दोन्हींचे वय एकच, पण आतली त्वचा मऊ, एकसारख्या रंगाची आणि बाहेरची राठ, डागाळलेली असते. दोन्हींत फरक फक्त उन्हाचा.

जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के ‘यूव्हीए’ असतात आणि उरलेले ‘यूव्हीबी’. यूव्हीबी त्वचेच्या वरच्या थरात थांबतात, त्वचा भाजतात आणि पेशींतील डीएनएला थेट इजा करतात. यूव्हीए मात्र आतल्या थरापर्यंत जातात. तिथे ते अतिक्रियाशील ऑक्सिजन तयार करतात, त्यातून कोलॅजेनचे तुकडे करणारी विकरे जागी होतात आणि त्वचेला लवचीक ठेवणारे इलॅस्टिनचे धागे गुंत्यासारखे साचू लागतात. त्वचा जाड, लोंबती आणि खोल सुरकुत्यांची होते ती यामुळे. यूव्हीए भाजत नाहीत, त्यामुळे नुकसान होत असताना काहीच जाणवत नाही. सकाळ असो, दुपार असो वा ढगाळ दिवस, त्यांचे प्रमाण यूव्हीबीइतके वरखाली होत नाही. आणि साध्या काचेतून यूव्हीबी अडतात, यूव्हीए मोठ्या प्रमाणात आत येतात.

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले एक छायाचित्र त्वचाविज्ञानात आता जवळपास पाठ्यपुस्तकातले उदाहरण झाले आहे. २८ वर्षे मालवाहू ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या अमेरिकी चालकाचा चेहरा त्यात आहे. उजवी बाजू वयाला साजेशी, तर खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली, लोंबणारी, जणू दोन वेगळ्या माणसांचे अर्धे चेहरे जोडले आहेत. भारतात चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे इथे उजवा गाल धोक्यात. मोटारीची समोरची काच दुपदरी असल्याने बहुतांश यूव्हीए अडवते. बाजूच्या काचांचे तसे नाही. त्यांवरील काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली. तिचे कारण सुरक्षेचे होते आणि ते रास्तही होते. दिवसभर टॅक्सी किंवा टेम्पो हाकणाऱ्याच्या गालाचा विचार त्यात अर्थातच नव्हता.

भारतीय त्वचेला मेलॅनिनचे कवच पुरेसे नाही का?

काही अंशी आहे. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेतील मेलॅनिन अतिनील किरणांचा काही भाग शोषून घेते. त्यामुळे आपल्याकडे सुरकुत्या गोऱ्या युरोपीय त्वचेच्या तुलनेत साधारण दशकभर उशिरा दिसू लागतात, असे त्वचारोगतज्ज्ञांचे निरीक्षण आहे. ‘चेहऱ्यावरील वार्धक्याच्या ८० टक्के खुणा उन्हामुळे’ हे समाजमाध्यमांवर सतत फिरणारे वाक्य याच कारणाने जपून वाचायला हवे. हा आकडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ३०० गोऱ्या फ्रेंच महिलांवरील अभ्यासातून आलेला आहे आणि तो करणारे संशोधक लोरेआल कंपनीचे होते. आकडा खोटा आहे असे नाही. तो सोलापूरच्या किंवा सावंतवाडीच्या महिलेला जसाच्या तसा लावता येणार नाही, इतकेच.

मेलॅनिन संरक्षण देते तसे त्रासही देते. आपल्याकडे अकाली वार्धक्य आधी सुरकुत्यांतून नव्हे, तर रंगातून दिसते. गालांवर आणि कपाळावर येणारे वांग, डोळ्यांभोवतीचा काळपटपणा, ओठांभोवतीची सावली, विसंगत रंगाचे पट्टे या तक्रारी तिशीतच सुरू होतात. वांगाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. केवळ अतिनील नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाश, विशेषतः त्यातील निळा-जांभळा भाग, सावळ्या त्वचेत काळपटपणा वाढवतो. रंगहीन सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही. त्यासाठी लोह ऑक्साइड मिसळलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन लागते. ‘रोज सनस्क्रीन लावूनही वांग जात नाही’ या तक्रारीमागचे एक कारण हेही असते.

प्रदूषणाचा संबंधही तपासला गेला आहे. जर्मनीत वयस्कर महिलांच्या दीर्घकालीन पाहणीत (२०१०) वाहतुकीतून निघणाऱ्या काजळीच्या कणांशी जास्त संपर्क असलेल्या महिलांच्या कपाळावर आणि गालांवर सुमारे २० टक्के अधिक डाग आढळले. धूम्रपानाचा परिणाम तर फार पूर्वीपासून ज्ञात आहे. त्वचेचा रक्तपुरवठा घटतो, कोलॅजेन तोडणारी विकरे वाढतात आणि ओठांभोवती उभ्या रेषा पडतात.

‘एसपीएफ ५०’ म्हणजे काय?

किमान १० स्वयंसेवकांच्या पाठीवर ठरावीक जाडीचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम, थर लावतात. त्यावर दिव्याने अतिनील किरण सोडतात आणि त्वचा किती मात्रेला लाल होते हे पाहतात. सनस्क्रीन नसताना त्वचा ज्या मात्रेला लाल होते, त्याच्या ५० पट मात्रा लागली तर एसपीएफ ५०. म्हणजे ५० चे सनस्क्रीन अशा किरणांचा पन्नासावा भाग, दोन टक्के, आत येऊ देते. ३० चे सनस्क्रीन ३.३ टक्के. ‘९७ टक्के अडले काय आणि ९८ टक्के अडले काय’ असा युक्तिवाद यावर नेहमी केला जातो. पण त्वचेला हिशेब अडलेल्याचा नसतो, आत आलेल्याचा असतो. दोन टक्क्यांऐवजी ३.३ टक्के म्हणजे दीडपटीहून अधिक मात्रा. आणि ५० लिहिलेले सनस्क्रीन खरोखर २० चे निघाले, तर पाच टक्के किरण आत, म्हणजे अपेक्षेच्या अडीचपट. वर्षानुवर्षे रोज लावणाऱ्यासाठी हा फरक छोटा नाही.

पण या सगळ्या भांडणात एक गोष्ट बाजूलाच पडली. एसपीएफ हे भाजण्याचे माप आहे आणि भाजण्याचे काम प्रामुख्याने यूव्हीबी करतात. कोलॅजेन तोडणाऱ्या यूव्हीएपासून किती संरक्षण मिळते, हे एसपीएफ सांगत नाही. ते सांगतात शेजारी छापलेली ‘पीए’ आणि अधिकची चिन्हे. ही पद्धत जपानमधून आली. ‘पीए+++’ म्हणजे यूव्हीए संरक्षणाचा घटक ८ ते १६ च्या दरम्यान, ‘पीए++++’ म्हणजे १६ किंवा अधिक. आता ट्यूबवर ‘एसपीएफ ५०, पीए+++’ लिहिले असेल आणि हा घटक ८ असेल, तर यूव्हीएपैकी साडेबारा टक्के त्वचेत शिरत आहेत. मोठ्या टंकातील ५० वाचणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. युरोपीय आयोगाने २००६ मध्येच शिफारस केली की यूव्हीए संरक्षण एसपीएफच्या निदान एकतृतीयांश असावे. म्हणजे ५० च्या ट्यूबमध्ये ते साधारण १७ हवे. तेथील ट्यूबवर वर्तुळात ‘यूव्हीए’ लिहिलेले चिन्ह दिसते ते याच निकषाचे. कधी न भाजणारी, पण काळवंडणारी आणि डागाळणारी त्वचा असलेल्या भारतीय ग्राहकासाठी दुसरे माप अधिक मोलाचे. न्यायालयीन लढाई मात्र पहिल्यावर झाली.

हा आकडा तपासतो कोण?

सनस्क्रीन म्हणजे औषध की प्रसाधन, याचे उत्तर देशागणिक बदलते. अमेरिकेत ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणारे औषध आहे. ऑस्ट्रेलियात ते औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेच्या अखत्यारीत येते. युरोपात आणि भारतात ते सौंदर्यप्रसाधन. आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांखाली उत्पादनाचा परवाना मिळतो. एसपीएफचा आकडा कंपनीने स्वतः किंवा तिने पैसे देऊन नेमलेल्या प्रयोगशाळेने ठरवलेला असतो. लेबलवरील विधान खोटे किंवा दिशाभूल करणारे असेल तर ते प्रसाधन ‘मिसब्रँडेड’ ठरते, अशी तरतूद याच कायद्यात आहे आणि राज्यात तिची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. हत्यार आहे, पण ते उचलण्यासाठी कोणीतरी बाजारातून ट्यूब उचलून चाचणी करायला हवी. लॅक्मे-होनासा वादात ते काम प्रतिस्पर्धी कंपनीने केले, तेही जाहिरातीसाठी.

कडक नियम असले की प्रश्न सुटतो, असेही नाही. जून २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील ‘चॉइस’ या ग्राहक संघटनेने २० सनस्क्रीन तपासली. त्यांपैकी १६ लेबलवरील एसपीएफ गाठू शकली नाहीत. ‘अल्ट्रा व्हायोलेट’ या ब्रँडच्या ५०+ लिहिलेल्या एका महागड्या उत्पादनाचा एसपीएफ ४ निघाला. कंपनीने आधी निष्कर्ष नाकारला, मग स्वतः वेगवेगळ्या प्रयोगशाळांत चाचण्या करून घेतल्या. निकाल ४ पासून ६४ पर्यंत पसरलेले आले आणि ऑगस्टमध्ये उत्पादन बाजारातून मागे घ्यावे लागले. त्याच मूळ मिश्रणावर बनलेल्या इतर ब्रँडच्या उत्पादनांवरही नंतर शंका उपस्थित झाली. त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांतील हा एक. तिथे सनस्क्रीन औषधासारखे नियंत्रित आहे आणि तरीही हे घडले.

एकाच ट्यूबचा निकाल ४ आणि ६४ कसा येतो? माणसाच्या पाठीवरील लाली डोळ्यांनी मोजायची असल्याने या चाचणीत मुळातच चढउतार असतात. स्वयंसेवकांच्या त्वचेत फरक, थर लावणाऱ्याच्या हातात फरक. काही प्रयोगशाळांच्या प्रामाणिकपणाबद्दलही प्रश्न विचारले गेले आहेत. शिवाय निव्वळ आकडा काढण्यासाठी माणसांना मुद्दाम भाजणे नैतिकदृष्ट्याही खटकणारे आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये दोन पर्यायी पद्धतींना मान्यता दिली. एकीत प्लास्टिकच्या पट्ट्यांवर थर देऊन यंत्राने मोजमाप होते, तर दुसरीत त्वचेवर प्रकाश टाकून परतलेल्या किरणांवरून हिशेब होतो आणि त्वचा भाजावी लागत नाही. बाजारातून नमुने उचलून तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेला पट्ट्यांची पद्धत झेपण्यासारखी आहे.

झालेले नुकसान भरून निघते का?

आधी टाळण्याबद्दल. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात नॅम्बोर या गावी १९९२ ते १९९६ या काळात चिठ्ठ्या टाकून लोकांचे गट पाडले गेले. एका गटाने रोज सनस्क्रीन लावायचे, दुसऱ्याने आपल्या मर्जीने. ५५ वर्षांखालील ९०३ जणांच्या हातांच्या मागील त्वचेचे ठसे साडेचार वर्षांच्या अंतराने तपासले, तेव्हा रोज लावणाऱ्यांत त्वचेचे वार्धक्य २४ टक्के कमी आढळले. ते सनस्क्रीन एसपीएफ १५ च्या आसपासचे होते. म्हणजे मोठ्या आकड्यापेक्षा रोज लावणे जास्त कामी आले. सौंदर्यप्रसाधनांच्या जगात इतका काटेकोर पुरावा क्वचितच सापडतो.

उपचारांत सर्वाधिक अभ्यास झालेले औषध आहे ट्रेटिनॉइन, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून मिळणारे रेटिनॉइक आम्ल. मुरुमांसाठी ते वापरणाऱ्या रुग्णांच्या त्वचेवर सुरकुत्या कमी झाल्याचे अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांच्या लक्षात आले. त्यांचा यावरील शोधनिबंध १९८६ चा. १९९५ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने बारीक सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइनला मान्यता दिली. ते नवे कोलॅजेन तयार व्हायला चालना देते. (क्लिगमन यांचे नाव विज्ञानात जितके मोठे, तितकेच डागाळलेले आहे. फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगात त्यांनी कैद्यांवर, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, केलेल्या प्रयोगांबद्दल शहर प्रशासनाने २०२२ मध्ये माफी मागितली.) ट्रेटिनॉइनची ट्यूब फार महाग नसते, पण भारतात ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असते. सुरुवातीला त्वचा सोलवटते, लाल होते. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. रात्री लावायची, दिवसा सनस्क्रीन लावायचे, आणि गर्भवतींनी वापरायची नाही. दुकानात सहज मिळणारे रेटिनॉल हे त्याचेच सौम्य भावंड. त्वचेत गेल्यावर दोन टप्प्यांत त्याचे रेटिनॉइक आम्ल बनते, त्यामुळे परिणामही तेवढाच सौम्य.

यापुढे पुराव्याची धार बोथट होत जाते. क जीवनसत्त्वाचे सीरम त्वचेला उपयोगी आहे, मात्र हवा आणि उजेड लागला की ते लवकर बिघडते. पिवळसर-तपकिरी झालेली बाटली टाकून द्यावी. बोटॉक्स (अमेरिकेत सौंदर्योपचारासाठी २००२ पासून मान्य) स्नायू तात्पुरते शिथिल करून भुवयांमधील आठ्या घालवते. तीन-चार महिन्यांनी पुन्हा टोचून घ्यावे लागते आणि त्वचेच्या पोतात किंवा डागांत त्याने फरक पडत नाही. पाण्यात किंवा दुधात घालून प्यायच्या कोलॅजेन पावडरीचा बोलबाला सध्या सर्वाधिक आहे. २०२५ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सगळ्या चाचण्या एकत्र घेतल्या तर फायदा दिसतो, पण उत्पादक कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या की तो नाहीसा होतो. खाल्लेले कोलॅजेन पोटात इतर प्रथिनांसारखेच पचते. ते शोधत शोधत गालापर्यंत जाईल, ही कल्पना गोड आहे.

तरुण दिसण्याचे उपायच त्वचेला म्हातारे कसे करतात?

औषध दुकानात ‘डाग घालवायचे क्रीम द्या’ म्हटले की अनेकदा तीन औषधांचे मिश्रण असलेली ट्यूब पुढे येते. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड. हे मिश्रणही क्लिगमन यांच्याच १९७५ मधील सूत्रावरून आलेले. वांगासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवडे ते योग्यच आहे. पण पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो आणि मग ट्यूब महिनोन्‌महिने, बहिणीकडून वहिनीकडे, वहिनीकडून शेजारणीकडे चालू राहते. स्टेरॉइड त्वचेतील कोलॅजेनची निर्मितीच मंदावते. त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, गालांवर बारीक लव वाढते. लावणे थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा लावले जाते. तरुण दिसण्यासाठी घेतलेली ट्यूब चाळिशीआधीच साठीची त्वचा देऊन जाते.

ही अपवादाची गोष्ट नाही. देशातील १२ शहरांत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांच्या पाहणीत (२०११) ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने सातत्याने पाठपुरावा केल्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्राने अशी १४ स्टेरॉइड क्रीम ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली. तेव्हापासून चिठ्ठीविना विक्री बेकायदा आहे. ट्यूबवरील लाल उभी रेघ हीच त्याची खूण. प्रत्यक्षात किती काउंटरवर चिठ्ठी मागितली जाते, हे वाचकाला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक असेल.

बिननावाच्या क्रीममध्ये याहून वाईट काही सापडते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एका कुटुंबातील आई आणि दोन मुलींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे उघड झाले. स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेले क्रीम तिघीही वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्यात पारा आढळला. पारा मेलॅनिन तयार करणारे विकर बंद पाडतो, म्हणून त्वचा झपाट्याने उजळते. तो त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातही त्याच वर्षी असे रुग्ण सापडले. भारतीय नियमांत सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादा दशलक्षात एक भाग इतकी आहे. मिनामाटा करारातील देशांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जिनिव्हात ठरवल्यानुसार पारा घातलेल्या सौंदर्यप्रसाधनांना २०२५ नंतर थाराच नाही. डब्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी यांपैकी काहीही नसेल आणि आठवडाभरात चेहरा उजळत असेल, तर तो परिणाम कशाचा याची शंका घ्यायलाच हवी.

शिरेतून दिली जाणारी ग्लुटाथिओनची इंजेक्शने आता शहरी क्लिनिकांत ‘अँटी-एजिंग ड्रिप’ म्हणून विकली जातात. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनाने याबाबत वारंवार इशारे दिले आहेत, तर अमेरिकी प्रशासनाने २०१९ मध्ये इंजेक्शनसाठी वापरलेल्या ग्लुटाथिओन पावडरीतील विषारी अंशामुळे रुग्णांना त्रास झाल्याचे जाहीर केले. स्वतःचेच रक्त प्रक्रिया करून चेहऱ्यात टोचण्याच्या ‘व्हॅम्पायर फेशियल’मुळे न्यू मेक्सिकोतील एका विनापरवाना स्पामध्ये किमान तीन महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे अमेरिकी रोग नियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये नोंदवले. संशय होता तो एकदाच वापरायची साधने पुन्हा वापरली गेल्याचा.

अकाली वार्धक्य घालवण्याच्या दाव्यांना जाहिरातबंदीच्या यादीत आणण्याचा प्रयत्न केंद्राने फेब्रुवारी २०२० मध्ये केला होता. आक्षेपार्ह जाहिरातींबाबतच्या १९५४ च्या कायद्यातील दुरुस्तीच्या मसुद्यात गोऱ्या रंगासह ‘प्रीमॅच्युअर एजिंग’चाही समावेश होता आणि पुन्हा गुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद व ५० लाखांपर्यंत दंड सुचवला होता. मसुदा मसुदाच राहिला.

रोजच्या संरक्षणाचा खर्च किती?

चेहरा आणि मान मिळून सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या हिशेबाने एका वेळी १.२ ग्रॅम सनस्क्रीन लागते. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा म्हणजे साधारण तेवढे. ५० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशा ४१ मात्रा बसतात. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा लावले, तर ट्यूब जेमतेम वीस दिवस पुरते. चारशे-पाचशे रुपयांची ट्यूब घेतली तर महिन्याला सहाशे-साडेसातशे रुपये, एका माणसाचे. घरोघरी एक ट्यूब तीन-चार महिने चालते, याचा अर्थ थर पाव-पंचमांश लागतो. थर निम्मा झाला की संरक्षण निदान निम्म्यावर येते, काही चाचण्यांत त्याहूनही वेगाने घसरते. ट्यूबवरचा आकडा शंभर टक्के खरा असला, तरी चेहऱ्यावर तो पोहोचत नाही तो असा.

करांचेही एक गणित आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा टाल्कम आणि फेस पावडर १८ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आली. सनस्क्रीन १८ टक्क्यांतच राहिले.

म्हणूनच घट्ट विणीचे, गडद रंगाचे कापड आजही सर्वांत भरवशाचे. ते पुसले जात नाही, दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही आणि त्याचा आकडा कोणी फुगवत नाही. पातळ पांढरी सुती ओढणी मात्र वाटते तितके संरक्षण देत नाही, घामाने भिजली की त्याहून कमी. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुलींनी डोळे तेवढे उघडे ठेवून बांधलेल्या स्कार्फची वर्षानुवर्षे थट्टा होत आली. एप्रिल-मेच्या दुपारी राज्यात अतिनील निर्देशांक बहुधा ११ च्या वर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवरील शेवटच्या गटात असतो, हे पाहता थट्टा करणाऱ्यांनीच तो बांधायला हवा होता. बीड आणि अहिल्यानगरमधून उसाच्या फडावर जाणाऱ्या तोडणी कामगार महिला साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा चढवतात, ते पात्याने हात कापू नयेत म्हणून. उन्हापासूनचे संरक्षण त्यांना त्याच सदऱ्यातून मिळते, हातांना. चेहऱ्याला पदर पुरेल तेवढाच.